चांद्याचे खांदे

गाडीवर हात ठेवला आणि उचलला, तर तळहात पांढरा झाला होता. ज्वारीचं पीठ लागावं तसा. मला वाटलं धूळ असेल. ओढणीला पुसला, पुन्हा ठेवला, पुन्हा पांढरा. धूळ मातकट असते, हे तसं नव्हतं. गाडीचा रंगच सुटून माझ्या हातावर येत होता.

"वरची साल मेली त्याची," देवा मामा मागून म्हणाला. "घासली का खालून जिता रंग निंघते. पाह्य तू."

देवा मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ, तिला 'बाई' म्हणणारा. पिपरी मेघेला त्याचं गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं छोटं दुकान आहे. त्याच्याच घरी राहून मी वर्ध्याला कॉलेज करते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे घरच्यांना वाटतं मला सगळं नीट सांगता येतं. खरं तर मला येत नाही. हेही कुठून सुरू करावं ते कळत नाही, म्हणून हातापासून सुरू केलं.

गाडी वडनेरला आमच्या घराशेजारी टिनाच्या छपराखाली उभी असते. पांढरी अँबॅसिडर. बाबा गेल्यापासून ती तिथून हलली नव्हती. पावसाळ्यात टिनाच्या भोकांतून तिच्या टपावर पाणी ठिबकायचं, त्याचे गोल गोल डाग पडले होते. बॉनेटवर कोंबड्या बसत. पुढच्या काचेवर बाबांनी लावलेल्या उदबत्तीच्या काड्या अजून रबरात खोचलेल्या होत्या, नुसत्या काड्या, वास नसलेल्या.

बाबा गेले तेव्हा मी रडले नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही. गावातल्या बायका पाठीवर हात फिरवून म्हणायच्या, "रड वं माय, मोकयी हो." मी प्रयत्न करायची. लहानपणी हिंगणघाटला माझी दाढ काढली होती, तेव्हा डॉक्टरांनी सुई दिली होती. जीभ लावली की गाल आपलाच आहे हे कळायचं, पण तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटायचा. तसंच काहीसं झालं होतं. कॉलेजात जात होते, जेवत होते, परीक्षाही दिली. सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं, फक्त लागत काही नव्हतं.

या सुट्टीत आले तेव्हा आईनं ठरवलेलंच होतं. "उभ्या उभ्या सडू द्याची नाई," ती म्हणाली. "घरात चालवणारं कोणी नाई. कोणी चांगला पाहून देऊन टाका."

मामानं माणूस शोधला. हिंगणीकडचे एक गृहस्थ, जुन्या गाड्या जपणारे. त्यांची एक अट होती. वरून नवा रंग मारलेली गाडी त्यांना नको होती. जुनाच रंग हवा, पण त्याला चमक हवी, आणि रंग सगळीकडे एकसारखा हवा.

आईनं एकच विचारलं, "चालवन ना तो? का फोटोले उभी ठेवन?"

"दर रविवारी चालवते, बाई. मी पाह्यलं," मामा म्हणाला.

"मंग दे."

नाव गाडीचं चांद्या. खरं तर ते एका बैलाचं नाव. बाबा तरुणपणी गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे. त्या शेतकऱ्याला सगळे मालकच म्हणत. मालकाच्या गोठ्यातल्या एका बैलाच्या कपाळावर चंद्रासारखा ठिपका होता, तो चांद्या. बाबा त्याच्याशी बोलायचे म्हणे, आमच्याशी बोलायचे त्याहून जास्त. मग ट्रॅक्टर आला. बैल गेले. बाबा ट्रॅक्टर शिकले, मग मालकाची अँबॅसिडर शिकले. मग मालकाच्या मुलांनी नवी गाडी आणली आणि अँबॅसिडर कडुलिंबाखाली उभी राहिली. एक दिवस मालक म्हणाले, ने तू. इंजिन तेव्हा बंद होतं. शेजाऱ्याची बैलजोडी जुंपून, दोरानं ओढत बाबांनी ती घरी आणली. मी आईच्या कडेवर होते. मला आठवत नाही, पण इतक्यांदा ऐकलं आहे की आता आठवतं. पुढे बैल, मागे पांढरी गाडी, स्टिअरिंगवर बाबा, आणि गावातली सगळी पोरं मागे धावत.

मला स्वतःला जे आठवतं ते वासापासून. रेक्झिनचा, पेट्रोलचा, आणि डॅशबोर्डवर ठेवलेल्या लिंबाचा. कुणाला उलटी होऊ नये म्हणून बाबा ते लिंबू ठेवायचे. ते वाळून लाकडासारखं होईपर्यंत तिथेच असायचं. उन्हाळ्यात सीट इतकी तापायची की बसण्याआधी बाबा त्यावर ओला दुपट्टा फिरवायचे. चर्र असा आवाज व्हायचा की मला तो वाटायचा, माहीत नाही.

उन्हाळा म्हणजे चांद्याचा लग्नांचा हंगाम. पंचक्रोशीतल्या कितीतरी नवऱ्या त्याच्यात बसून गेल्या. झेंडूच्या माळा, चिकटपट्टी, मागच्या काचेवर थर्माकोलची अक्षरं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा माळा उतरवायचे आणि चिकटपट्टीचा डिंक रॉकेलच्या बोळ्यानं काढायचे. बॉनेटच्या सांध्यात पाकळ्या अडकून राहायच्या. पावसाळ्यापर्यंत त्या काळ्या होऊन तिथेच असत. पावसाळ्यात मात्र नवऱ्या नसत, बाळंतिणी असत. वाटेत चिखल, वायपरची कुरकुर, आणि मागच्या सीटवर कुणाची तरी माय "हयू चालव रे बाप्पा, हयू चालव" म्हणणारी. हिवाळ्यात डिक्कीत कापसाची बोचकी. मग कित्येक दिवस गाडीत कापूस उडत राहायचा. काच खाली केली की तो बाहेर जाण्याऐवजी आमच्याच तोंडावर यायचा.

आई मात्र त्या गाडीत फार बसली नाही. जागाच नसायची.

मला वर्ध्याला प्रवेश घ्यायचा होता तेव्हा बाबांनी चांद्याला आदल्या दिवशी धुतलं. कॉलेजच्या फाटकाशी आम्ही थांबलो. मी म्हटलं, बाबा, चला ना आत. बाबा म्हणाले, "तू जाऊन ये. मी गाडीजवळ राह्यतो. कोणी हात लावन."

कुणीही हात लावणार नव्हतं. मी रांगेत उभी राहून खिडकीतून पाहत होते. बाबा दुपट्ट्यानं बॉनेट पुसत होते. पुसून झालं की पुन्हा पहिल्यापासून पुसत होते. मी परत आले तर म्हणाले, "झालं?" मी म्हटलं, झालं. ते म्हणाले, "लय मोठी इमारत हाय." एवढंच. परतीच्या वाटेवर त्यांनी विनाकारण दोनदा हॉर्न वाजवला. रस्त्यात कुणी नव्हतं.

आता खांद्यांचं सांगते.

ज्यांनी अँबॅसिडर जवळून पाहिली आहे त्यांना माहीत असेल की तिला खांदे असतात. पुढच्या चाकांवरचे ते दोन फुगीर गोल भाग. मामा त्यांना फेंडर म्हणतो. बाबा खांदेच म्हणायचे.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर त्यांच्यावर जू असतं ना. गरम पाण्यानं शेकायचं, मग तूप-हळद चोळायची आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. बाबांनी सालदारकीत हे मालकाच्या बैलांसाठी केलं. स्वतःचा बैल त्यांना कधी झाला नाही. चांद्या गाडी घरी आली त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी आईला हळद कालवायला सांगितली आणि गाडीचे दोन्ही खांदे चोळले. आई सांगते की अख्खी आळी हसली.

"कारे भाऊ, पेंड बी खाते का तुहा बैल?"

"पेट्रोल पेते," बाबा म्हणाले, आणि चोळत राहिले.

ते दर वर्षी चोळत राहिले. मी लहान असताना माझ्या हातात वाटी असायची. तुपाचा वास, हळदीचा वास, खाली गरम पाण्यानं ओली झालेली माती. पळसाच्या पानांनी बाबा खांदे हलकेच थोपटायचे. त्यांचा तळवा गोल गोल फिरायचा. आता गावात बैलच कमी झाले आणि पोळ्यात ट्रॅक्टरही रांगेत उभे राहतात, त्यांनाही लोक हळद लावतात, कुणी हसत नाही. तेव्हा हसायचे.

मामा म्हणतो, रंगाला तेल-तूप लावू नये, हळद तर मुळीच नाही. त्याचं बरोबरच असेल. हळद उन्हानं उडून जायची, पण तूप त्या कोरड्या पडत चाललेल्या रंगात मुरत गेलं. वर्षावर वर्ष. बाकी गाडी पांढरी, मग खडूसारखी झाली. खांदे मात्र वेगळे राहिले. आम्ही त्यांना पिवळे म्हणायचो. नीट पाहिलं तर ते जुन्या तुपाच्या रंगाचे होते. आणि त्यांच्या कडा गोल होत्या, जिथपर्यंत बाबांचा तळवा फिरायचा तिथपर्यंत.

मामानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि खांद्यांपाशी येऊन डोकं खाजवलं.

"हे दोन चट्टे काढा लागन."

मी बादली जवळ ओढली.

"बाकी चमकन, अन् हे असेच राह्यले तं तो मानूस म्हणन, काय लावलं हे? एकसारखा पाह्यजे म्हणते तो."

"आधी बाकीचं करू," मी म्हटलं.

मला एवढंच हवं होतं. ते खांदे राहावेत. दुसरं काही नव्हतं हवं. पण ते मोठ्यानं म्हणायला काही कारण सापडत नव्हतं. बाबांचा फोटो घरात आहे, चपला आहेत, दुपट्टा आहे. पण त्या सगळ्यावर त्यांचा हात कुठे आहे हे दाखवता येत नाही. इथे दाखवता येत होतं. आणि ते ठेवले तर गाडी कुणी नेणार नव्हतं, पुढच्या पावसानं ती सडली असती.

आम्ही कामाला लागलो. मामानं मशीन आणलं नव्हतं. जुना रंग पातळ असतो, मशीन खाली पत्र्यापर्यंत जाईल, म्हणाला. आधी गाडी धुतली. चाकांच्या वरच्या खोबणीतून इतकी काळी माती निघाली की त्यात हरभरा पेरता आला असता. मग पाणी-पेपर. तो काळा बारीक कागद बादलीत भिजवून, साबणाच्या पाण्यासोबत हलक्या हातानं रंगावर फिरवायचा. पांढरं पाणी वाहू लागलं, दुधासारखं. ते अंगणातून नालीकडे गेलं. कोंबड्या आल्या, चोच बुडवून पाहिली, मान झटकून गेल्या.

शेजारचे म्हातारे काका काठी टेकत आले.

"काय वं पोरी, न्हाऊ घालून राह्यली त्याले? सासरी धाडाचा हाय का?"

"हाव," मामा म्हणाला. "हिंगणीले देऊन राह्यलो."

"पोरगा कसा हाय?"

"बुढा हाय. पन गाड्या लय हायेत."

काका दात नसलेल्या तोंडानं हसले. जाताना त्यांनी मागच्या दाराला हात लावला. त्यांची मुलगीही याच गाडीतून गेली होती.

पाणी-पेपर झाला की रबिंग. डब्यातला तो करड्या रंगाचा लेप सुती फडक्यावर घ्यायचा आणि एका सरळ रेषेत घासायचं. मामानं मला दारं दिली, स्वतः टप घेतला. घासता घासता फडकं पांढरं होत जायचं आणि खालून एक ओलसर, खोल पांढरा वर यायचा. आधी त्यात काही दिसत नसे. मग टिनाच्या कडा दिसत, मग आभाळ. दार पूर्ण झालं तेव्हा त्यात माझी ओढणी दिसली. हे सुंदर आहे, असं मला वाटायला हवं, एवढं मला कळलं.

मध्येच मामा वरून ओरडला, "आता गं!" टपाच्या कडेला त्यानं जोर दिला होता आणि खालचं तांबडं अस्तर दिसायला लागलं होतं. नखाएवढं. त्यानं पटकन त्यावर हात ठेवला, जणू हात ठेवल्यानं ते परत झाकलं जाईल.

"बाईले सांगू नको," म्हणाला.

तेव्हा मला नीट कळलं. घासणं म्हणजे चमक लावणं नाही. चमक लावता येत नाही, ती खालीच असते. वरचं काढत जायचं, एवढंच काम. आणि काढलेलं परत येत नाही.

माझे खांदे दुखायला हवे होते. दिवसभर हात वर करून घासत होते. संध्याकाळी भाकरीचा तुकडा मोडायलाही हात नीट वळेना. पण दुखतंय का विचाराल, तर सांगता आलं नसतं. जड होते. दुसऱ्या कुणीतरी आणून ठेवल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाकी सगळी गाडी झाली. खांदे राहिले. चमकणाऱ्या गाडीवर ते आधीपेक्षाही जास्त पिवळे दिसत होते. मामा माझ्याकडे बघत नव्हता, फडकी धूत होता. एकच फडकं पुन्हा पुन्हा.

"दुसरा कोणी माणूस नाही का सापडणार?" मी विचारलं. "ज्याला हे चालेल?"

"पोरी, हाच लय मुश्किलीनं भेटला."

आई चुलीपाशी होती. तिला सगळं ऐकू जात होतं. मी आत गेले, उंबऱ्यात बसले.

"आई, खांद्याचं काय करू?"

ती भाकरी थापत राहिली. तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. बाबा गेल्यापासून ती असंच करते, प्रश्न ऐकते आणि काम करत राहते.

"बैल धाडतानी धुऊन धाडते," ती म्हणाली. "मयका नाई धाडत."

"ते मळलेलं नाही गं."

"मले माहीत हाय काय हाय ते." तिनं भाकरी उलटली. "हयद कोण कालवत होतं?"

मी उठले आणि उजव्या खांद्यापासून सुरुवात केली.

पाणी-पेपर फिरवला. पहिलं पाणी पिवळसर आलं. मला वाटलं होतं वास येईल. तुपाचा, हळदीचा, काहीतरी. आला नाही. साबणाचा आला. मग रबिंगचा, रॉकेलसारखा. फडकं पिवळं झालं, मग मळकट, मग पांढरं. ती गोल कड पुसट होत गेली. आधी वरून, मग बाजूनं. एक क्षण असा आला की ती आहे की मलाच दिसते आहे, हे कळेना. मी थांबले. मामाही थांबला. मग मी पुन्हा घासलं आणि ती नव्हती.

खांद्याच्या गोलाईत माझा चेहरा दिसत होता, पसरट, कान मोठे. मी वाट पाहिली. आता काहीतरी होईल, असं वाटलं. काही झालं नाही. मी डाव्या खांद्याकडे गेले.

मामानं मग सगळ्या गाडीवर मेण चढवलं आणि मऊ कापडानं पुसलं. पाण्याचा शिंतोडा मारून दाखवला. थेंब गोल गोल होऊन पळाले.

"पाह्य! पाणी टिकत नाई," तो म्हणाला. त्याला खरंच आनंद झाला होता. मी हसले, त्याच्यासाठी.

तो दिवस पोळ्याच्या आदला होता. गृहस्थांचा निरोप आला की ते उद्या सकाळीच येतात. मामानं हे आईला भीत भीतच सांगितलं.

"पोयाच्या दिवशी बैल देते का कोणी?" आई म्हणाली.

"बैल नोहे बाई तो. गाडी होय."

आईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा आणायला निघून गेला.

ऊन उतरलं. रस्त्यानं एक पोरगा पळसाच्या फांद्यांचा भारा घेऊन गेला. दोन घरं सोडून कुणाचे तरी बैल धुऊन आले होते, त्यांच्या घुंगरांचा आवाज येत होता, मधूनच थांबत होता. मी अंगणात बाजेवर बसले होते. समोर चांद्या. इतका पांढरा की माझ्या ओळखीचा वाटत नव्हता. टिनाच्या भोकांतून पडलेले उन्हाचे तुकडे त्याच्या अंगावर लखलखत होते.

आई बाहेर आली. तिच्या हातात वाटी होती, पदरानं धरलेली, म्हणजे गरम असणार. मामा चहाची कपबशी घेऊन मागून आला आणि वाटी पाहून जागीच थांबला.

"बाई! आताच मेण मारलं!"

"मंग?"

"सकायी मानूस येऊन राह्यला पाहाले!"

"येऊ दे. तो सकायी येते. आता सांज हाय."

"हयद लागली तं तो काय म्हणन?"

"म्हणू दे काय म्हणते ते. वर्सभर राबलेल्याचे खांदे शेकल्याबिगर धाडते का कोणी?"

मामा माझ्याकडे बघायला लागला. हे काम घरच्या पुरुषाचं, बाईनं करताना मी कधी पाहिलं नव्हतं. आईनं वाटी बॉनेटवर ठेवली. दोन बोटं बुडवली, मग सगळा तळवा. उजव्या खांद्यावर ठेवला आणि गोल फिरवला.

हळद धरली नाही.

तूप सरकलं. त्याचे बारीक पिवळे थेंब झाले आणि ते खांद्याच्या गोलाईवरून घरंगळत चाकाकडे निघाले. आईनं पुन्हा तळवा फिरवला. पुन्हा थेंब. तिनं बोटांनी ते वर ढकलले, ते परत खाली आले. तिचा हात जिथून उचलला जाई तिथे मागे काहीच राहत नव्हतं. लखलखीत पांढरं. कुणी हात लावलाच नाही असं.

"धरून नाई राह्यली," ती म्हणाली. ती मामाकडे पाहत होती, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात प्रश्न होता.

मामानं कपबशी खाली ठेवली. "मेण हाय ना बाई. काहीच टिकू देत नाई ते." मग म्हणाला, "पेट्रोलच्या बोयानं थोडी जागा पुसून देऊ का? मंग धरन. त्या मानसाले मी पाहून घेतो."

हे बोलताना त्याला किती जड गेलं असेल, ते मला आता कळतं. सगळी मेहनत त्याची होती.

आई गाडीकडे पाहत राहिली. घुंगरं वाजली, थांबली. कानाशी सांगायचं ते आवतन ती बोलली नाही. उद्या जेवायला ये, असं कोणाला म्हणणार.

"नको," ती शेवटी म्हणाली. "नाई घेत म्हणते तं राहू दे. त्याचं झालं आता." तिनं पदरानं खांदा पुसला. एका फटक्यात स्वच्छ झाला. डाव्या खांद्याकडे ती गेलीच नाही.

वाटी जवळजवळ भरलेली होती. ती घेऊन आई वळली. मला वाटलं घरात जाईल. ती बाजेकडे आली.

"सरक."

मी सरकले. ती माझ्या मागे बसली.

"खांदे दुखून राह्यले ना तुहे?"

"नाही."

"खोटी. दुपारी मडकं उतरवता नाई आलं तुले. पाह्यलं म्या."

तिनं माझी ओढणी बाजूला केली, कुडत्याचा गळा मागे ओढला. तळवा टेकवला. आधी काहीच कळलं नाही, फक्त तिच्या हाताचा खरबरीतपणा, निंदणाच्या विळ्यानं झालेला. मग गरम. हळद मानेवरून खाली उतरत होती आणि थांबत होती, जिरत होती. आईचा तळवा गोल गोल फिरत होता. मामानं आमच्याकडे पाठ केली आणि आधीच चकचकीत असलेलं दार पुसायला लागला.

मानेच्या मुळाशी एक गाठ झाली होती. आईचा अंगठा तिथे येऊन थांबला आणि दाबला गेला.

"आई गं," माझ्या तोंडून निघालं.

"दुखते?"

समोरचा चांद्या पुसट झाला, नुसता एक पांढरा ढीग.

"हाव," मी म्हटलं. "लय दुखते."

"दुखू दे," आई म्हणाली, आणि वाटी जवळ ओढली.